कंत्राट मिळाले, पुढे काय?



इंदूरहून एका मराठी भगिनीचे पत्र आले आहे. त्यांचे यजमान पूर्वी गवंडीकाम करीत. चार वर्षांपूर्वी त्यांनी धीर करून स्वतःच्या नावावर लहान लहान सरकारी कामे घेण्यास आरंभ केला. कोठे शाळेची कुंपणभिंत, कोठे गटार, कोठे अंगणवाडीची खोली. कामे मिळतात, कामाविषयी तक्रार येत नाही, घरात व्यसन नाही की उधळपट्टी नाही. आणि तरीही दर वर्षाच्या अखेरीस देणे थोडे वाढलेलेच असते. मग पैसा जातो कोठे, असे त्या विचारतात. घरखर्चात आणखी काटकसर कशी करावी, याविषयी आम्ही चार सूचना कराव्यात, अशीही त्यांची विनंती आहे.

या भगिनींना प्रथमच सांगावयास हवे की, दोष आपल्या घरखर्चाचा दिसत नाही. आपण ज्या पैशाचा शोध घरात करीत आहात, तो बहुधा घरापर्यंत पोहोचलेलाच नसावा. ज्या दिवशी निविदा भरली गेली, त्याच दिवशी तो हातचा गेला असावा. हे मी इतक्या खात्रीने का लिहितो, त्याला एक कारण आहे. आणि ते सांगताना मला थोडा संकोचही वाटतो.

मी नववीत असतानाची गोष्ट. आमच्या गल्लीत एक गवंडी राहत. सारी गल्ली त्यांना अण्णा म्हणे. पिढ्यानपिढ्या दगड फोडणारे आणि माती वाहणारे त्यांचे कुटुंब. त्या घरात थापी हाती धरणारे ते पहिले आणि कंत्राट घेण्याचे मनात आणणारेही तेच पहिले. एका शाळेच्या दोन खोल्यांचे काम निघाले होते. अण्णांना सही करता येई, वाचता येई. परंतु सरकारी कागद भरण्याचा धीर होत नसे. माझे अक्षर बरे म्हणून त्यांनी मला बोलाविले. त्या अर्जात एकच रकाना महत्त्वाचा होता. सरकारने काढलेल्या अंदाजी रकमेपेक्षा आपण किती टक्के कमी अथवा जास्त दराने काम कराल, ते आकड्यांत व अक्षरांत लिहावयाचे होते. अण्णा थोडा वेळ विचार करीत बसले. बाकीचे १५ टक्के कमी भरणार, असे त्यांनी कोठेतरी ऐकले होते. ते म्हणाले, ‘‘बाळ, अठरा लिही.’’ मी लिहिले. आकड्यांत लिहिले, अक्षरांत लिहिले, आणि खाली रेघही ओढली.

काम अण्णांनाच मिळाले. त्यांनी गल्लीत पेढे वाटले. भिंती उभ्या राहिल्या, स्लॅब पडला. पण गिलाव्याची वेळ येईपर्यंत काकूंच्या हातांतील पाटल्या गेल्या होत्या आणि सावकाराचे व्याज सुरू झाले होते. शाळेचे काम अर्धे टाकावयाचे नाही, या एका हट्टाने अण्णांनी ते पुरे केले. त्यानंतर ते पुन्हा दुसऱ्याच्या कामावर रोजंदारीने जाऊ लागले. आज या खात्यात भाषांतराचे काम करीत असताना बांधकामाच्या अंदाजपत्रकांविषयीचा मजकूर माझ्या हाती आला, आणि माझ्या त्या सुवाच्य अक्षरात मी काय लिहून दिले होते, ते मला इतक्या वर्षांनी कळले. ते आपल्यालाही सांगतो.

१५ अधिक, १५ उणे

सरकारी कामाची अंदाजी रक्कम कशी निघते, हे प्रथम पाहू. सामान, मजुरी आणि यंत्रांचे भाडे यांची बेरीज करतात. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याच्या दरविश्लेषणात या बेरजेवर कंत्राटदाराचा वरकड खर्च व नफा यांसाठी १५ टक्के चढवितात. निम्मे खर्चाचे, निम्मे नफ्याचे. राज्यांच्या दरसूचींत हे प्रमाण निरनिराळे असू शकते, परंतु रीत तीच. म्हणजे सामान-मजुरीचे १०० रुपये झाले, तर अंदाजी रक्कम ११५ रुपये.

आता कोणी १५ टक्के कमी दराने निविदा भरली, तर त्याच्या हाती किती येईल? १०० रुपये, असे पुष्कळजण चटकन उत्तर देतात. कारण १५ चढविले आणि १५ उतरविले. पण चढविताना ते १०० वर चढविले होते आणि उतरविताना ११५ वरून उतरविले. ११५ चे १५ टक्के म्हणजे १७ रुपये २५ पैसे. हाती येतात ९७ रुपये ७५ पैसे. अण्णांनी १८ टक्के उतरविले; त्यांच्या हाती ९४ रुपये ३० पैसे आले. दरसूचीच्या भावाने माल घेऊन, प्रत्येक १०० रुपयांच्या विटा, सिमेंट व मजुरीमागे त्यांनी खिशातले ५ रुपये ७० पैसे घातले. स्वतःची मेहनत, वरकड खर्च आणि व्याज हे सारे वेगळेच.

हेच गणित पायरीपायरीने मांडले तर असे दिसते. सुमारे साडेसहा टक्के खाली गेले की नफा संपतो. सुमारे १३ टक्के खाली गेले की वरकड खर्चही संपतो. त्याच्याही खाली जाणारा मनुष्य स्वतःच्या घराला हात घालतो.

याचा अर्थ कमी दराची प्रत्येक निविदा चुकीचीच, असा नव्हे. एखाद्याची स्वतःची वीटभट्टी असते, एखाद्याकडे सेंटरिंगचे सामान आधीचे असते, एखाद्याला खाणीवरून खडी स्वस्त पडते. त्याला १० टक्के खाली जाऊनही नफा उरेल. प्रश्न इतकाच की, तो स्वतःच्या हिशेबाने खाली गेला की शेजाऱ्याच्या आकड्याकडे पाहून. अण्णांनी शेजाऱ्याचा आकडा पाहिला. त्यांना दुसरा कोणताच आकडा काढता येत नव्हता.

ही विद्या कोठे मिळते?

थापी कशी धरावी, ओळंबा कसा लावावा, हे गवंड्याचा मुलगा बापाच्या हाताखाली शिकतो. त्याचप्रमाणे कंत्राटदाराचा मुलगा अंदाजपत्रकही घरातच शिकतो. जेवताना वडील म्हणतात, त्या कामात पाण्याचे टँकर धरावयास विसरलो. मुलगा ऐकतो आणि जन्मभर विसरत नाही. ज्या घरात आधी कोणी कंत्राटदार झालेला नसतो, त्या घरात असे ऐकावयास मिळत नाही. कारागिरी येते, कष्ट करण्याची तयारी असते. परंतु मागच्या पिढीने केलेल्या चुकांची शिदोरी नसते. प्रत्येक चूक त्याला स्वतःच्या पैशाने विकत घ्यावी लागते.

हा अनुभव केवळ आपल्या देशाचा नाही. अमेरिकेत कृष्णवर्णीय व इतर अल्पसंख्य समाजांतील कंत्राटदारांची हीच अडचण होती, आणि तिच्यावर तेथे पुष्कळ विचार झाला आहे. व्हर्जिनिया राज्यातील रिचमंड या शहराचे उदाहरण घ्या. तेथील सुमारे निम्मी लोकसंख्या कृष्णवर्णीयांची होती. आणि १९७८ ते १९८३ या काळात नगराच्या मुख्य बांधकाम-कंत्राटांपैकी अल्पसंख्याकांच्या व्यवसायांना मिळालेला भाग होता केवळ ०.६७ टक्के. संपूर्ण देशासाठी त्याआधीच, १९७७ साली, मेरीलँडचे प्रतिनिधी पॅरेन मिचेल यांच्या पुढाकाराने एक तरतूद झाली होती: स्थानिक बांधकामांसाठी केंद्र सरकार जे अनुदान देईल, त्याचा निदान १० टक्के भाग अल्पसंख्याकांच्या व्यवसायांकडे जावा. १९८० साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने ती मान्य केली. रिचमंडनेही १९८३ साली आपला नियम केला. नगराचे कंत्राट घेणाऱ्याने निदान ३० टक्के रकमेचे काम अल्पसंख्य पोटकंत्राटदारांना द्यावे, असा तो होता. १९८९ साली सर्वोच्च न्यायालयाने तो मात्र रद्द ठरविला.

आरक्षणाच्या बाजूने अथवा विरुद्ध तेथे जो वाद झाला, तो मोठा आहे आणि या सदरात मावणारा नाही. परंतु त्या निकालपत्रातील एक गोष्ट आपल्या विषयाची आहे. न्यायमूर्ती सँड्रा डे ओकॉनर यांनी वंशाचा निकष न लावताही नगराला योजता येतील असे काही उपाय तेथे सांगितले: निविदेची रीत सोपी करणे, जामिनाच्या अटी सैल करणे, आणि मागे राहिलेल्या सर्व वंशांच्या व्यावसायिकांना प्रशिक्षण व आर्थिक साहाय्य देणे. म्हणजे राखीव वाटा असावा की नसावा, याविषयी ज्यांचे एकमत होत नव्हते, त्यांनाही शिक्षणाच्या आवश्यकतेविषयी वाद घालण्याचे कारण नव्हते.

तेथे असे वर्ग निघालेही. टर्नर या मोठ्या बांधकाम कंपनीने १९६९ साली ओहायो राज्यातील क्लीव्हलँड शहरात अल्पसंख्य कंत्राटदारांसाठी विनामूल्य वर्ग सुरू केले आणि पुढे ते इतर शहरांतही नेले. या वर्गांच्या उपयोगाचे एक कारण जामिनाच्या पद्धतीत आहे. अमेरिकेत १९३५ च्या एका कायद्याने ठरावीक रकमेवरील केंद्र सरकारी बांधकामासाठी कंत्राटदाराने जामीनपत्र देणे सक्तीचे केले. जामीन राहणारी कंपनी त्याचे जुने हिशेब तपासते. अंदाज काय होता, प्रत्यक्ष खर्च किती झाला, हे जो दाखवू शकत नाही, त्याला जामीन मिळत नाही. आणि जामीन नाही म्हणून काम नाही. अशा रीतीने अंदाजपत्रकाचे अज्ञान नफा तर बुडवितेच, शिवाय पुढची वाटही बंद करते.

आपल्याकडची दारे

आपल्या देशातही दारे उघडली गेली आहेत. सूक्ष्म व लघु उद्योगांकडून सरकारी खरेदीचा ठरावीक भाग घ्यावा, असा केंद्र सरकारचा आदेश २०१२ पासून लागू आहे. तो भाग आरंभी २० टक्के होता. २०१८ साली तो २५ टक्के करण्यात आला, आणि त्यात अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठीचा ४ टक्क्यांचा उपभाग पूर्वीप्रमाणेच राहून महिलांसाठी ३ टक्क्यांचा उपभाग ठरला. हा आदेश वस्तू व सेवांच्या खरेदीचा आहे. बांधकामांच्या बाबतीत कर्नाटकाने आपल्या कायद्यात दुरुस्ती करून ५० लाख रुपयांपर्यंतच्या कामांपैकी २४.१ टक्के कामे अनुसूचित जाती-जमातींच्या कंत्राटदारांसाठी राखली, आणि पुढे ती मर्यादा वाढविली. महाराष्ट्रात मजूर सहकारी संस्था आणि सुशिक्षित बेरोजगार अभियंते यांच्यासाठी लहान कामांचा वाटा ठेवण्याची पद्धत आहे. पुण्यात २००५ साली मिलिंद कांबळे यांनी दलित इंडियन चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्री ही संस्था स्थापन केली. २०१६ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय अनुसूचित जाती-जमाती हब ही योजना सुरू केली.

आणि मराठी वाचकाला या बाबतीत फार मागे पाहता येते. महात्मा जोतीराव फुले हे समाजसुधारक म्हणून आपल्याला ठाऊक आहेत. ते कंत्राटदारही होते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. ‘पुणे कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनी’ या व्यवसायात त्यांचा भाग होता, आणि खडकवासल्याच्या धरणासारख्या मोठ्या कामांशी त्यांचा संबंध आला. त्यांच्या सत्यशोधक समाजाला मुंबईत ज्यांनी आधार दिला, त्यांत तेलुगू भाषक बांधकाम-कंत्राटदार होते. शिक्षण आणि कंत्राट या दोन गोष्टी एकाच घरात नांदू शकतात, हे त्या पिढीने दाखविले आहे.

दार उघडणे आवश्यकच होते. परंतु ज्याला आत जाऊन हिशेब मांडता येत नाही, त्याला उघडे दार अधिक धोक्याचे ठरू शकते. अण्णांना ते काम मिळाले नसते, तर काकूंच्या पाटल्या राहिल्या असत्या. म्हणून माझे म्हणणे असे आहे की, जे कार्यालय लहान कंत्राटदारासाठी काम राखून ठेवते, त्याने त्या कामाची निविदा निघण्यापूर्वी त्याला हिशेबही शिकवावा. तो वर्ग संध्याकाळी असावा, कारण दिवसा विद्यार्थी परांचीवर असतो. आणि तो त्याच्या भाषेत असावा.

एका भिंतीचा पाठ

अशा वर्गात काय शिकवितात, याची थोडी कल्पना आपण येथेच घेऊ. घरातील शाळकरी मुलामुलींनी वही घेऊन बसावे.

एक कुंपणभिंत बांधावयाची आहे. लांबी ५० मीटर, उंची दीड मीटर, जाडी २० सेंटिमीटर. तिचे घनफळ १५ घनमीटर. एक वीट तिच्या सांध्यासह २० सेंटिमीटर लांब, १० रुंद व १० उंच धरली, तर एका घनमीटरात ५०० विटा बसतात. एकूण ७,५०० विटा. नवखा मनुष्य येथेच थांबतो. परंतु ट्रकमधून उतरताना आणि तोडताना विटा फुटतात. शेकडा ५ फुटतील असे धरले, तर आणखी ३७५ विटा हव्यात. १:६ प्रमाणाच्या मालाला एका घनमीटर बांधकामामागे सुमारे सव्वा पोते सिमेंट लागते; म्हणजे एकूण १९ पोती.

पुढे गिलावा. दोन्ही बाजू मिळून १५० चौरस मीटर, असे बहुतेकजण लिहितात. भिंतीचा माथा राहून जातो. ५० मीटर लांब आणि २० सेंटिमीटर रुंद माथा म्हणजे १० चौरस मीटर गिलावा, ज्याचा माल आणि मजुरी कोणी धरलेली नाही.

मग पाया. ६० सेंटिमीटर रुंद व तितकाच खोल खणला, तर १८ घनमीटर माती निघते. पण खणलेली माती फुगते. ती साधारण सव्वापट धरावी लागते. उरलेली माती वाहून नेण्याच्या खेपा त्या फुगलेल्या मातीच्या मोजावयाच्या. खाली मुरूम लागणार की कातळ, हे पाहण्यासाठी निविदा भरण्यापूर्वी त्या जागेवर स्वतः जावे लागते. पाणी कोठून आणावयाचे, ट्रक आतपर्यंत जातो की रस्त्यावरून डोक्यावर माल वाहावा लागतो, हेही तेथेच कळते. कागदावर दोन भिंती सारख्या असतात. जागेवर त्यांची किंमत वेगळी असते.

मजुरीचा हिशेब रोजांत करावा. आपला गवंडी दिवसाला किती विटा लावतो, हे आपल्याच मागील कामावरून काढावे. येथे ज्याने मागील कामाची रोजनिशी ठेवली असेल, तो इतरांच्या पुढे असतो. दुसऱ्याच्या गवंड्याचा वेग आपल्या उपयोगाचा नाही.

वरकड म्हणजे वायफळ नव्हे

या विषयावरील मजकुराचे भाषांतर करताना एका शब्दापाशी मी अडलो. इंग्रजीत ज्याला ओव्हरहेड म्हणतात, त्याला आपण वरकड खर्च म्हणतो. शब्द चांगला आहे. परंतु वरकड म्हटले की ऐकणाऱ्याला तो खर्च टाळण्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात तो चुकत नाही. रात्रीचा राखणदार, साहेबांच्या कार्यालयातील हेलपाटे, मोटारसायकलचे पेट्रोल, मोबाइल, निविदेचे शुल्क, मालाच्या चाचण्या, कामगारांचा विमा व कल्याण उपकर, हिशेबनिसाचा मोबदला. यांतील एकही खर्च कोणत्याही भिंतीत दिसत नाही आणि प्रत्येक भिंतीच्या किमतीत असतो. शिवाय मालक दिवसभर कामावर उभा राहतो, त्याची मजुरी कोण धरतो? लहान कंत्राटदार स्वतःचा रोज जवळजवळ कधीच लिहीत नाही, आणि मग उरलेल्या पैशाला नफा म्हणतो. तोच मनुष्य दुसऱ्याकडे मुकादम म्हणून गेला असता, तर त्याला पगार मिळाला असता. तो पगार वजा केल्यावर जे उरेल, तो नफा.

दुसरा न दिसणारा खर्च काळाचा. मजुरांना दर आठवड्याला पैसे द्यावे लागतात. सरकारी देयक मोजमाप होऊन, तपासणी होऊन मिळते. तोवर पैसा कोणाचा? समजा, ४ लाखांच्या कामासाठी २ लाख रुपये दरमहा २ टक्के व्याजाने आणले आणि ते ५ महिने फिटले नाहीत. व्याज २० हजार झाले. कामाच्या रकमेच्या ते ५ टक्के आहे. १० टक्के नफा धरला असेल, तर त्यातला अर्धा सावकाराकडे गेला. बयाणा रक्कम व सुरक्षा अनामत अडकून राहते, तिचाही विचार करावा. वस्तू व सेवा कर निविदेच्या रकमेत धरला आहे की वेगळा मिळावयाचा आहे, हे अटींत वाचल्याशिवाय सही करू नये. ती एक ओळ न वाचल्याने सारा नफा जाऊ शकतो.

आणि शेवटचा पाठ सर्वांत अवघड. सारा हिशेब मांडून झाल्यावर जर दिसले की, चालू भावात हे काम परवडत नाही, तर ते सोडून द्यावे. मजूर रिकामे बसतील, ही भीती खरी आहे. परंतु तोट्याचे काम मजुरांना आज रोज देते आणि उद्या मालकालाच मजूर करते.

आपण घरी काय करावे

आता पुन्हा इंदूरच्या भगिनींकडे वळतो. आपण घरखर्च कमी करण्याच्या सूचना मागितल्या होत्या. त्याऐवजी एक वही घालावी. प्रत्येक कामासाठी तिची स्वतंत्र पाने ठेवावीत. रोज रात्री यजमानांना चार प्रश्न विचारावेत: आज किती माणसे होती, किती काम झाले, कोणता माल आला, आणि खिशातून काय गेले. उत्तरे लिहून ठेवावीत. चहाचे आणि पेट्रोलचे पैसेही लिहावेत. त्यांच्या स्वतःच्या रोजाचा एक रकाना ठेवावा. काम संपले की निविदेतील आकडा आणि वहीतील बेरीज शेजारी शेजारी मांडावी. तीन कामांच्या वह्या झाल्या की, चौथ्या निविदेसाठी आपल्यापाशी आपले स्वतःचे दर असतील. ही घरातच साठविलेली विद्या आहे. ती आपल्या मुलांना फुकट मिळेल.

त्याबरोबर शिक्षणही मागावे. जिल्हा उद्योग केंद्रात, सूक्ष्म व लघु उद्योगांच्या विकास कार्यालयात, जवळच्या तंत्रनिकेतनात जाऊन अंदाजपत्रकाचा वर्ग आहे का, असे विचारावे. नसल्यास दहा-बाराजणांनी मिळून तो मागावा. राज्याची दरसूची, तसेच केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याची दरसूची आणि दरविश्लेषण ही प्रसिद्ध असतात. त्यांत प्रत्येक कामाला किती माल व किती रोज धरले आहेत, ते पाहता येते. ज्या वाचकांच्या घरी अभियंता, ओव्हरसियर किंवा हिशेबनीस आहे, त्यांना माझी एक विनंती. आपल्या ओळखीच्या गवंड्याने, सुताराने, रंगाऱ्याने पहिले कंत्राट घेण्याचे ठरविले, तर एक संध्याकाळ त्याच्याबरोबर बसावे. त्याला उपदेशापेक्षा एका भिंतीचा हिशेब करून दाखवावा.

अण्णा आता थकले आहेत. मागे गावी गेलो असताना त्यांच्यापाशी बसून १५ अधिक आणि १५ उणे यांचे गणित मी त्यांना सांगितले. त्यांनी ते दोनदा करून घेतले. मग म्हणाले, ‘‘म्हणजे भिंतीत चूक नव्हती.’’ नव्हतीच. ती शाळा मी त्याच दिवशी पाहून आलो. भिंती अजून ओळंब्यात आहेत.

पुढील अंकी मोजमाप पुस्तक आणि देयक यांविषयी लिहीन. तोवर ज्यांना निविदा भरावयाची असेल, त्यांनी टक्क्यांचा रकाना सर्वांत शेवटी भरावा.